रिकामी जागा कोणाची?

‘नाशिक हे शहर ______ नदीच्या काठी वसलेले आहे.’ कोणत्याही शालेय पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायात शोभून जाईल असे हे वाक्य आहे. उत्तरसूचीत ‘गोदावरी’ हा शब्द असणार, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु नाशिकच्या जुन्या वस्तीतला माणूस सकाळी ‘गंगेवर’ जातो, पावसाळ्यात ‘गंगेला पूर आला’ असे म्हणतो, आणि घाटाचे नावही त्याच्या तोंडी ‘गंगाघाट’ असेच असते. अशा घरातल्या मुलाने रिकाम्या जागी ‘गंगा’ लिहिले, तर परीक्षक फुली मारील. भूगोलाच्या दृष्टीने ती फुली रास्तच म्हणावी लागेल. मात्र मुलाची चूक नेमकी कोणती, हे सांगू गेल्यास अडचण उभी राहते. त्याला नदी ठाऊक नाही असे म्हणता येत नाही. परीक्षकापेक्षा त्याची तिच्याशी ओळख जवळची असण्याचा संभव अधिक. त्याला मराठी येत नाही, असेही नाही. त्याला ठाऊक नव्हते ते एवढेच, की हे वाक्य कोण बोलत आहे. वाक्य नाशिककराचे नव्हते, नकाशाचे होते.

‘कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा’ हा प्रश्नप्रकार साहित्यसमीक्षेने कधी आपल्या विचाराचा विषय मानला नाही. तो शाळामास्तरांचा, शिष्यवृत्ती परीक्षेचा, फार तर स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीवर्गांचा प्रांत, अशी समजूत राहिली. ती समजूत आता सोयीची उरलेली नाही. जून २०१२ पासून ‘नेट’ परीक्षेच्या सर्व प्रश्नपत्रिका बहुपर्यायी झाल्या, आणि मराठी साहित्याचा अध्यापक होऊ पाहणाऱ्यालाही आपली पात्रता पर्याय निवडूनच सिद्ध करावी लागते. ज्या विद्याशाखेने अर्थाच्या अनेकतेचा सिद्धांत दोन पिढ्या शिकवला, तिच्या उंबरठ्यावर चारांतील एकच उत्तर बरोबर असते. ही विसंगती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ‘योग्य’ शब्द म्हणजे काय, आणि तो योग्य ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तिच्या तळाशी आहे, आणि तो भाषाशास्त्रीय आहे तितकाच नैतिक आहे.

या प्रश्नप्रकाराची कुळकथा थोडक्यात पाहण्यासारखी आहे. १८९७ साली हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने ब्रेस्लाऊ येथील शाळकरी मुलांच्या बौद्धिक क्षमतेची पाहणी करताना अक्षरे व शब्द गाळलेले उतारे वापरले. पुढे १९५३ साली विल्सन टेलर या अमेरिकन अभ्यासकाने उताऱ्यातील शब्द ठरावीक अंतराने गाळण्याची पद्धत मांडली. टेलरचा हेतू वाचकाची परीक्षा घेण्याचा नव्हता. कोणता मजकूर वाचायला किती सुलभ, हे त्याला मोजायचे होते. वाचकांना शब्द भरता आले नाहीत, तर दोष मजकुराकडे जाई. मूळ शब्दच ग्राह्य धरावा की समानार्थी शब्दही चालवावा, याचाही त्याने विचार केला, आणि मजकुरांची तुलना करण्यापुरता काटेकोर निकष पुरेसा आहे असे त्याला आढळले. मजकुराला लावलेली ही मोजपट्टी पुढे माणसाला लावली गेली, आणि काटेकोरपणाचा तो निकष मात्र कोणी फारसा न तपासता तिच्याबरोबर आला.

भारतीय वाक्यविचारात या प्रश्नाची मांडणी अधिक सूक्ष्म आहे. वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी यांची गरज असते, हे अलंकारशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. रिकामी जागा म्हणजे दृश्य रूप दिलेली आकांक्षा होय. तेथे काही तरी हवे आहे हे वाक्य स्वतःच सांगते, आणि कोणत्या जातीचे पद हवे हेही बहुधा सांगते. योग्यता अर्थाचा मेळ पाहते. अग्नीने सिंचन करता येत नाही, हे तिचे शास्त्रग्रंथांतले ठरीव उदाहरण. प्राश्निक जेव्हा चार पर्याय रचतो तेव्हा तो नकळत याच पायऱ्यांनी चालत असतो. एखादा पर्याय आकांक्षेलाच बाधक असतो, एखादा योग्यतेला. आणि उरलेल्या दोघांत खरी निवड असते. या शेवटच्या दोघांतील निवाडा मात्र आकांक्षा आणि योग्यता यांच्या बळावर होत नाही. नव्य नैयायिकांनी म्हणूनच चौथे कारण मानले: तात्पर्य, म्हणजे वक्त्याची इच्छा. ‘सैंधव आण’ असे जेवणाच्या पानावरून म्हटले तर मीठ आणायचे, प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा. परीक्षेतल्या वाक्याला ना पान असते, ना प्रवास. त्याला वक्ताच नसतो, किंवा असल्यास तो लपवलेला असतो.

अर्थात सर्वच रिकाम्या जागा या दृष्टीने सारख्या नाहीत, आणि येथे सरसकट विधान करणे घातक ठरेल. ‘त्याने आपल्या हक्कावर ______ सोडले’ येथे ‘पाणी’ हाच शब्द येईल. ‘जल’ किंवा ‘नीर’ येणार नाही. ‘उदक’ येऊ शकेल, परंतु त्या शब्दाबरोबर दानाचा संकल्प येतो आणि हक्क सोडणाऱ्याचा चेहरा बदलतो. हा निवाडा भाषेच्या रूढीने केलेला आहे, आणि तो मान्य न करणाऱ्याला भाषा शिकायची आहे असे म्हणण्यात काही अन्याय नाही. याउलट ‘पुराचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या ______ लागले’ हे वाक्य घ्यावे. नाशिकला गोदावरीचा पूर या मूर्तीवर मोजतात. कमरेला, छातीला, गळ्याला यांपैकी कोणताही शब्द भाषेला चालतो. कोणता खरा, हे त्या दिवशी घाटावर जाऊन पाहिले तरच कळेल. येथे निवाडा वस्तुस्थितीचा आहे. या दोन्ही प्रकारांत उत्तरसूची असणे न्याय्य आहे. शब्दाचा अर्थ सदैव अनिश्चितच असतो, असे सांगून दोन्ही फुल्या पुसून टाकणाऱ्या सिद्धांताचे आकर्षण अलीकडच्या समीक्षेला फार वाटत आले. पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला तो सिद्धांत उपयोगी पडण्याजोगा नाही.

खरा पेच तिसऱ्या प्रकारच्या वाक्यात आहे, आणि त्याचे उदाहरण त्याच नदीपासून काही पावलांवर, पंचवटीत मिळते.

‘१९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून ______ सत्याग्रह केला.’ पर्याय असे समजावेत: अस्पृश्यांनी, बहिष्कृतांनी, हरिजनांनी, दलितांनी. आकांक्षा चारही पुरवतात. योग्यतेला एकही बाधक नाही. वस्तुस्थितीही निवाडा करीत नाही, कारण चारही शब्द त्याच माणसांकडे बोट दाखवतात: २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या लढ्यात बंद दरवाजांसमोर उभ्या राहिलेल्या माणसांकडे. तरीही यांतील कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवता येत नाही.

व्याकरण येथे काही सांगते, आणि ते ऐकण्यासारखे आहे. ‘अस्पृश्य’ हे कृत्यप्रत्ययान्त रूप आहे. स्पर्श करू नये असा, हा त्याचा अर्थ; म्हणजे ते वर्णन नसून आज्ञा आहे, आणि शब्द उच्चारणारा ती आज्ञा नकळत पुन्हा देत असतो. ‘बहिष्कृत’ हे क्तप्रत्ययान्त आहे. कोणी तरी बहिष्कार घातला आहे, आणि तो कोणी, हा प्रश्न शब्दातच दबा धरून बसलेला आहे. ‘दलित’ हेही तसेच. दळणारा कर्ता दिसत नाही, पण व्याकरण त्याला विसरू देत नाही. ‘हरिजन’ या षष्ठी तत्पुरुषात मात्र त्या माणसांवर झालेली कोणतीही क्रियाच उरत नाही, म्हणून कर्त्याचा प्रश्नही उरत नाही. देवाशी नाते जोडून दिले की शेजाऱ्याशी असलेल्या नात्याचा हिशोब मागे पडतो. त्याआधी, १९०६ साली विठ्ठल रामजी शिंदे यांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या मराठी नावात ‘निराश्रित’ असा शब्द होता. त्यात कळकळ आहे, पण ती आश्रय देणाऱ्याच्या बाजूने पाहणारी कळकळ आहे.

डॉ. आंबेडकरांच्या नियतकालिकांची नावे याच दृष्टीने क्रमाने वाचावीत. १९२० साली ‘मूकनायक’, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, मग ‘समता’, १९३० साली ‘जनता’ आणि १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’. एकाच रिकाम्या जागेत छत्तीस वर्षे एक माणूस शब्द भरतो आहे, आणि आधीचा शब्द खोडून पुढचा लिहितो आहे. आधीचे शब्द चुकीचे होते म्हणून नव्हे. बोलणारा बदलला, त्याच्या पाठीमागचा समाज बदलला, म्हणून. पहिल्या नावात आवाज नसल्याची जाणीव आहे, दुसऱ्यात बाहेर घातल्याची. अखेरच्या नावात दुसऱ्या कोणी केलेल्या क्रियेचा मागमूस नाही. ‘प्रबुद्ध’ हेही क्तप्रत्ययान्तच आहे, परंतु येथे जागा होणारा स्वतःच कर्ता आहे. या पाचांतून ‘योग्य’ शब्द निवडा, असा प्रश्न घातला तर काय हाती लागेल?

योग्य शब्द बहुमताने ठरवण्याचा प्रसंगही याच इतिहासात येऊन गेला. १९३८ साली मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या कायद्याच्या दुरुस्तीत ‘हरिजन’ ही संज्ञा घालण्याचा प्रस्ताव काँग्रेस सरकारने आणला. त्याला विरोध करणाऱ्यांत पुढे होते भाऊराव, म्हणजेच दादासाहेब गायकवाड. दिंडोरी तालुक्यातले, आणि काळाराम सत्याग्रहाची धुरा नाशिकमध्ये वाहिलेले. आम्ही देवाची माणसे, तर मग बाकीचे कोणाची, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. सूचना मतांनी फेटाळली गेली, आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य डॉ. आंबेडकरांसह सभागृहाबाहेर पडले. त्या सभागृहात कोणीही व्याकरणदृष्ट्या चुकीचा शब्द सुचवला नव्हता. अनेकांच्या मनात सद्भावही असेल. ज्याला नाव द्यायचे तो समोर बसून नको म्हणत असताना ते नाव त्याला देण्यात आले, इतकेच घडले. ‘इतकेच’ हा शब्द अर्थात बाहेर पडणाऱ्यांच्या बाजूने उच्चारता येणार नाही.

मीमांसकांचा अध्याहारासंबंधीचा जुना वाद येथे आठवतो. वाक्यात पद कमी असेल तर श्रोता काय भरून काढतो: पद की अर्थ? कुमारिलांच्या अनुयायांचे म्हणणे, पदच अध्याहृत होते. प्राभाकरांचे म्हणणे, अर्थ अध्याहृत झाला की पुरे. या चर्चेत दिले जाणारे उदाहरण फार साधे आहे. कोणी नुसतेच ‘दार’ असे म्हणतो, आणि ऐकणारा ‘बंद कर’ हे मनात पुरवतो. उदाहरण देणाऱ्या शास्त्रकाराच्या मनात बंद करण्याची क्रिया प्रथम आली, यात त्याचा दोष नाही. बहुधा वारा वाहत असेल. परंतु काळारामाच्या दरवाजापाशी, मार्च १९३० मध्ये, हेच एकपदी वाक्य आतून उच्चारले गेले असते तर एक क्रियापद अध्याहृत झाले असते, आणि बाहेरून उच्चारले गेले असते तर दुसरे. पद की अर्थ, हा वाद दोन्ही पक्षांनी वक्ता कोठे उभा आहे हे गृहीत धरूनच केला. परीक्षेच्या वाक्यात हे गृहीत धरता येत नाही. तरीही ते धरलेले असते, आणि बहुधा दाराच्या आतल्या बाजूने.

योग्य शब्द एकच असतो, असे मानणारी परंपरा याविरुद्ध उभी करता येईल. फ्लोबेरचे नाव त्यासाठी वारंवार घेतले जाते. त्याहून जवळचे नाव कुंतकाचे. अनेक शब्द उपलब्ध असताही विवक्षित अर्थाचा एकमेव वाचक तोच खरा काव्यगत शब्द, असे ‘वक्रोक्तिजीवित’कार सांगतो. मात्र या लक्षणातील ‘विवक्षित’ या शब्दाकडे दुर्लक्ष करून ते उत्तरसूचीच्या समर्थनार्थ वापरणे हा कुंतकावर अन्याय होय. त्याने दिलेले उदाहरणच पाहावे. ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात बटूचा वेष घेतलेला शिव पार्वतीला तिच्या निश्चयापासून परावृत्त करू पाहतो, आणि शिवाच्या असंख्य नावांतून ‘कपाली’ हे नाव निवडतो. कवटी धारण करणाऱ्याची अभिलाषा धरणे शोचनीय, हे त्याला सुचवायचे आहे. तेथे दुसरे नाव फिके पडेल. त्याच सर्गात काही श्लोकांनंतर पार्वती उत्तर देते तेव्हा तिच्या तोंडी ‘पिनाकी’ येते, धनुर्धारी. देव तोच, वृत्ताच्या गरजा जवळपास त्याच, आणि दोन्ही शब्द आपापल्या जागी एकमेव. बटूचा शब्द पार्वतीच्या तोंडी घातला तर छंद मोडणार नाही, पार्वती मोडेल.

याकोबसनने १९५६ साली भाषाव्यवहाराचे निवड आणि जुळणी असे दोन अक्ष सांगितले तेव्हा निवडीच्या अक्षावरचे शब्द समतुल्य असतात असे धरले. परीक्षेचे पर्याय हे त्या अक्षाचे शुद्ध चित्र आहे: शब्दांचा उभा रकाना. पण प्रत्यक्ष बोलणाऱ्यापुढे पूर्ण रकाना कधीच नसतो. बागलाण-मालेगावकडच्या अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या रकान्यात ‘सर्व’ आणि ‘सगळे’ यांच्या आधी ‘बठ्ठा’ असतो, आणि तो कंसात नसतो. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला तेव्हा प्रस्तावनाकार विजय तेंडुलकरांसारख्या लेखकालाही त्यातील कित्येक शब्द विचारून घ्यावे लागले. मराठीच्या मान्य कंसात नसलेल्या शब्दांनी त्या वर्षी मराठी कविता भरली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या दलित पँथरने ‘दलित’ या शब्दाची व्याप्ती वाढवून त्यात भूमिहीन, कामगार, स्त्रिया यांनाही सामावले. शब्द तोच राहिला, आणि तो उच्चारणारा ‘आम्ही’ मोठा झाला.

उत्तरसूचीच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती हलकी नाही. दीर्घोत्तरी प्रश्नांच्या काळात परीक्षक विद्यार्थ्याची भाषा वाचत असे, आणि भाषेवरून घर वाचत असे. हस्ताक्षर, वळण, एखादे बोलीतले रूप यांवरून गुण कमी-अधिक होत; ज्यांना ‘चांगली’ मराठी घरून मिळाली होती, त्यांना ती परीक्षेतही फळत असे. यंत्राने तपासलेली उत्तरपत्रिका आडनाव विचारत नाही. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला परीक्षकाच्या अभिरुचीपेक्षा यंत्राचा निर्विकारपणा अधिक न्यायाचा वाटला, तर त्याला विद्वत्तेच्या उंचीवरून हसण्याचा अधिकार कोणाला नाही. पर्यायी प्रश्नांवर टीका करणारे पुष्कळ लेखन या बाबतीत अप्रामाणिक आहे, कारण ते गमावलेल्या सूक्ष्मतेचा शोक करते आणि त्या सूक्ष्मतेची किंमत कोणी दिली हे सांगत नाही. तथापि हा बचाव किती दूर जातो, तेही पाहावे लागते. यंत्र विद्यार्थ्याला परीक्षकापासून वाचवते; प्राश्निकापासून वाचवत नाही. आडनाव उत्तरपत्रिकेतून गेले, पण प्रश्नाच्या वाक्यात कोण बोलतो हा निर्णय कोणाच्या तरी घरात झालेलाच असतो.

संज्ञांचा हा निर्णय परीक्षेबाहेरही वरून होत राहिला आहे. १९८२ साली केंद्र सरकारने जातीच्या दाखल्यांत ‘हरिजन’ हा शब्द लिहू नये असे राज्यांना कळवले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने, मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशाचा हवाला देऊन, खासगी दूरचित्रवाहिन्यांना ‘दलित’ हा शब्द टाळून ‘अनुसूचित जाती’ वापरण्याची सूचना केली. ‘अनुसूचित’ हेही क्तप्रत्ययान्तच; कर्ता शासन. दाखल्यावर तो शब्द निर्विवाद योग्य आहे, कारण तेथे शासनच बोलत असते. कवितेत, मोर्च्यात, आत्मकथनात तो योग्य नाही, कारण तेथे शासन बोलत नसते. यापेक्षा गूढ असे त्यात काही नाही, आणि तरीही दोन्ही जागांसाठी एकच सूची पुरेल असा समज हटत नाही.

प्राश्निकाला करण्यासारखे यात काही आहे का, हा प्रश्न केवळ व्यावहारिक नाही. वक्ता सांगून प्रश्न विचारता येतो. ‘१९३८ साली मुंबई विधानसभेत भाऊराव गायकवाड बोलत असते तर या वाक्यात कोणता शब्द आला असता, आणि सरकार पक्षाचा सदस्य बोलत असता तर कोणता?’ असा प्रश्न बहुपर्यायी स्वरूपातही घालता येतो, आणि त्याला निश्चित उत्तरही असते. ‘नाशिक हे शहर’ या वाक्याशेजारी ‘भूगोलाच्या पुस्तकात’ एवढे लिहिले, तर ‘गंगा’ लिहिणाऱ्या मुलावरची फुली न्याय्य होईल; ‘घाटावरच्या आजीच्या तोंडी’ असे लिहिले, तर ‘गोदावरी’ लिहिणाऱ्यावर फुली मारावी लागेल. त्यासाठी प्रश्नपत्रिकेत दोन ओळी जास्त लागतील. आणि प्राश्निकाला घाटावरची आजी कशी बोलते, हे ठाऊक असावे लागेल.